न विचारलेल्या प्रश्नाला डावा कौल

या सदरातले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि वाचता वाचता सोडवून टाकते. रिकाम्या खोलीत पावलं वाजली... लाकूड आकसलं असेल. बंद पडलेलं घड्याळ सुरू झालं... कुणीतरी धक्का दिला असेल. असा माझा स्वभाव. देवळात जाते ते सणावाराला, घरच्यांबरोबर, आणि भुताखेतांसाठी माझ्याकडे वेळ कधीच नव्हता. त्यामुळे मीच इथे लिहायला बसणार आहे हे प्रमोदला सांगितलं तेव्हा तो हसला. प्रमोद माझ्याकडे फिटर आहे. म्हणाला, "ताई, आता लोक तुमचा अनुभव सोडवतील." सोडवावा. मला आनंदच होईल. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

महाडजवळ बिरवाडीत माझं छोटं वर्कशॉप आहे. आम्ही पाण्याच्या पंपांची कंट्रोल पॅनल बनवतो. पेटी आणि वायरिंग प्रमोदचं. आतलं कार्ड आणि कार्डावरच्या चिपचा प्रोग्रॅम माझा. पोलादपूर तालुक्यातल्या बऱ्याच वाड्यांत आमची पॅनल आहेत.

त्यातली ही एक वाडी, कापडे गावाच्या वरच्या उतारावर. नाव मुद्दाम देत नाही. वाडीची विहीर खाली नदीकाठी, टाकी वर शाळेमागे. पूर्वीचं पॅनल विहिरीजवळच होतं, ते पुरात गेलं. म्हणून नवं पॅनल वर, रस्त्याकडेच्या शेडमध्ये बसवायचं ठरलं. पॅनल आणि विहीर यांच्यात बराच उतार आहे आणि मध्ये वळण आहे. पॅनलपाशी उभ्या माणसाला विहीर दिसत नाही आणि विहिरीतल्या माणसाला पॅनल दिसत नाही.

पाणी समितीच्या अध्यक्ष सुमनवहिनी. पंप चालवतो आणि विहीर साफ करतो तो त्यांचा नवरा, बाळू. पावसाळा संपला की विहिरीत गाळ बसतो, मोटरची जाळी बुजते. मग बाळू खाली उतरतो आणि छातीभर पाण्यात मोटरला मिठी मारल्यासारखा उभा राहून जाळी मोकळी करतो. मोटरच्या केबलला जुना जोड आहे, वीज चालू असेल तर तिथून करंट पाण्यात उतरू शकतो.

हे काम तो लाईट गेलेली असतानाच करतो. एकटा तोच नव्हे, या भागात सगळेच तसं करतात. मेन स्विच वर शेडमध्ये. तो ओढायला एवढा चढ चढायचा, आणि लाईटच नसेल तर ओढायचा कशाला? मी त्याला एकदा बोलले होते. तो म्हणाला, "ताई, करंटच नाय तर चावनार कोन?"

माणसं बदलणार नाहीत हे मी धरून चालते. म्हणून माझ्या प्रत्येक पॅनलमध्ये एक नियम पक्का असतो... लाईट जाऊन परत आली तर मोटर आपोआप सुरू व्हायची नाही. कोणीतरी स्वतः येऊन हिरवं बटण दाबेपर्यंत पॅनलने थांबायचं. बाळूच्या जिवाची हमी म्हणजे तो नियम.

आता थोडं प्रोग्रॅमबद्दल सांगावं लागेल. सोपं करून सांगते.

मी चिपसाठी असेंब्ली भाषेत लिहिते. जुनी सवय आहे. लिहिलेलं चिपला समजेल अशा आकड्यांत बदलतो तो असेंबलर नावाचा प्रोग्रॅम. तो चालवताना हुकमापुढे डॅश लावून पर्याय लिहायचे असतात, म्हणजे काम कसं करायचं याच्या सूचना. आम्ही वापरतो त्या चिप एकाच कुटुंबातल्या, पण त्यात भावंडं पुष्कळ. म्हणून पहिला पर्याय, चिप नेमकी कोणती. दुसरा, या चिपमध्ये जन्मजात जे दोष आहेत त्यांवर तोडगा घाल. तिसरा, डॅश एमएन, म्हणजे ठरावीक सूचनांच्या मागे एक रिकामी सूचना घाल, नाहीतर चिप अडखळते. चौथा, प्रोग्रॅममध्ये एका जागेवरून दूरच्या जागी जायच्या लांबच्या उड्या नीट बसव. शेवटी, सगळ्याची एक प्रत काढून दे. ही यादी माझ्या टेबलासमोर चिकटवलेली आहे. मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची असते, प्रवासाची असते, तशी असेंबलरच्या पर्यायांचीही आहे. प्रत्येक वेळी वरून खाली बघत टाइप करते. कित्येक वर्षं हेच चाललंय आणि कधी चुकलं नाही.

वाडीच्या पॅनलसाठी मी प्रोग्रॅममध्ये एक सुधारणा केली होती. आधी मी सुरुवातीच्या किमती म्हणजे मोटर किती वेळाने थांबवायची, लाईट आल्यावर थांबून राहायचं की नाही वगैरे, एकेक सूचना लिहून चिपमध्ये भरत असे. त्या प्रोग्रॅमभर विखुरलेल्या असत आणि ते मला खुपायचं. या वेळी सगळ्या किमती एका जागी, एका तक्त्यात आणल्या. बघून समाधान वाटलं. टेबलावर तपासलं, चोख चाललं.

पॅनल बसवलं त्या दिवशी आम्ही सकाळीच वाडीत पोचलो. दुपारपर्यंत जोडणी झाली. मी मेन बंद केला, चालू केला, मोटर गप्प. पुन्हा केला, मोटर गप्प. हिरवं बटण दाबलं, तेव्हाच चालू. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि पोरं ओरडली. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी सकाळपासून लाईट बंद राहणार होती, तेव्हा बाळू उतरून जाळी साफ करणार. माझ्या हिशेबाने काम संपलं होतं.

सुमनवहिनी म्हणाल्या, "आता देवीला इचारू, मंग तुमाला मोकळं करू."

वाडीत रीत आहे. गावाच्या उपयोगाची नवी वस्तू, मग ते मशीन असो की मंदिराचा कळस, कौल घेतल्याशिवाय चालू करायची नाही. वाघजाईचं देऊळ रस्त्याला लागूनच आहे. सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, आत शेंदूर लावलेला पाषाण. सखाराम गुरव, साठीचे, शांत गृहस्थ. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून त्यांनी पाषाणावर एक उजवीकडे, एक डावीकडे चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"बाय वाघजाये, लेकरांनी पाण्याचं नवं मशीन आनलंय. उद्या बाळू इहिरीत उतरनार हाय. चालू करू म्हनतेस?"

डावी कळी पडली.

मग पुन्हा कळ्या लावल्या, पुन्हा विचारलं. डावी.

मला परतायचं होतं. महाडला एका कारखान्याचं काम थांबलेलं होतं. मी म्हटलं, "काका, ओल्या कळ्या आहेत, वाऱ्याने पडतात. पॅनल तुमच्यासमोर तपासलंय."

"मी कुठं नाय म्हनतोय," सखारामकाका म्हणाले. "नाय ती म्हनतेय."

बाळू पायरीवर बसला होता. "ताई, तिला नक्की काय खटकतंय ते इचारा ना. मशीन तुमचं. आमाला काय कळतंय त्यातलं?"

मला राग आला होता, आणि राग आला की मी पद्धतशीर होते. म्हटलं, ठीक आहे, बिघाड शोधायचा तसाच शोधू. अर्धं अर्धं करत. "मोटर ठीक आहे का, विचारा." उजवी. "वायरिंग?" उजवी. प्रमोदने मागे समाधानाने मान डोलावली. "पेटी, स्विच, बटणं?" उजवी. "कार्ड?" उजवी. "कार्डातला प्रोग्रॅम?"

डावी.

"बघा," प्रमोद म्हणाला, "आपलं काम पास झालं."

"गप रे."

पुढचं लिहिताना आता मला हसू येतं, पण तेव्हा मी अगदी गंभीरपणे विचारलं. असेंबलरचे पर्याय एकेक करून. चिपचं नाव बरोबर आहे का? उजवी. दोषांवरचा तोडगा? उजवी. डॅश एमएन?

"काय गो हे, इंग्रजी मंतर हाय का?" सुमनवहिनींनी विचारलं.

"बोला तुमी," बाळू म्हणाला. "देवीला समदं कळतं. माझी बायको काय बोलते ते बी कळतं."

"तुला नाय कळत ते," वहिनी म्हणाल्या.

डॅश एमएनला उजवी. लांबच्या उड्यांना उजवी. शेवटच्या, प्रत काढण्याच्या पर्यायालाही उजवी. म्हणजे प्रोग्रॅमात चूक, पण पर्याय सगळे बरोबर. मी म्हटलं, झालं, हेच सिद्ध करायचं होतं. या उत्तरांना काही अर्थ नाही.

सखारामकाकांनी सवयीने कळ्या पुन्हा लावल्या. "आनि काय इचारायचंय?"

"काही नाही. संपली यादी."

मी चपला घालायला वळले. वळताना मनात... फक्त मनात, ओठही हलले नाहीत, एक वाक्य आलं. यादी पूर्ण आहे ना माझी? असं माझं मला रोजच विचारणं असतं. घरातून निघताना, वर्कशॉप बंद करताना. त्यात देवीचा काही संबंध नव्हता.

"अरे," सखारामकाका म्हणाले. "कुनी काय इचारलं?"

मी वळून बघितलं. डावी कळी पाषाणाच्या पायाशी पडली होती. उजवी जागेवर.

"कुनी नाय इचारलं," सुमनवहिनी म्हणाल्या.

प्रमोदने माझ्याकडे पाहिलं, मी गाडीकडे. निघताना मात्र माझ्यातली व्यवहारी बाई जागी झाली आणि मी बाळूला म्हटलं, "उद्या उरकून घ्या हं. ही लाईटबंदी गेली तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. पॅनलची जबाबदारी माझी."

तो नुसता हसला. हो म्हणाला की नाही म्हणाला, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये आले. कारखान्याचं काम समोर होतं. ते उघडलं, मिटलं. यादीकडे बघितलं. मग स्वतःवर चिडत असेंबलरचं मॅन्युअल उघडलं आणि आमच्या चिपच्या कुटुंबासाठीचे सगळे पर्याय पहिल्यापासून वाचायला घेतले. यादी केल्यापासून मी ते पान पुन्हा पूर्ण वाचलं नव्हतं. यादी होती ना.

तिथे एक छोटासा पर्याय होता... डॅश एमडी.

तो काय करतो ते सांगते. चिपमध्ये दोन प्रकारच्या जागा असतात. एक पक्की, वीज गेली तरी लिहिलेलं टिकणारी. दुसरी पाटीसारखी, वीज पूर्ण संपली की पुसली जाणारी. काम सगळं पाटीवर चालतं. माझा तो सुरेख तक्ता पक्क्या जागेत होता. चिप जागी झाली की तो पाटीवर उतरवून घ्यावा लागतो, आणि तसं उतरवून घेण्याची गरज आहे हे असेंबलरला डॅश एमडीने सांगायचं. न सांगितलं तर तो गृहीत धरतो की गरज नाही. चूक दाखवत नाही, इशारा देत नाही.

आजवर मी किमती एकेक करून भरत होते, म्हणून मला त्याची गरजच पडली नव्हती. या वेळी पडली, आणि माझ्या यादीत तो नव्हता.

मग तपासणीत चोख कसं चाललं? तेही लगेच लक्षात आलं. वाडीला निघण्याआधी टेबलावर तपासताना मी किमती कॉम्प्युटरच्या केबलमधून हाताने पाटीवर भरल्या होत्या. आमच्या कार्डावर छोट्या बॅटरीसारखा एक कपॅसिटर असतो, तो लाईट गेल्यावरही चार-पाच तास चिपला जेमतेम जागी ठेवतो. वाडीला जाईपर्यंत, मेन दोनदा बंद करेपर्यंत, त्या हाताने भरलेल्या किमती तशाच जिवंत होत्या. त्याहून जास्त वेळ लाईट गेली तर कपॅसिटर रिकामा होणार आणि पाटी पुसली जाणार. मग थांबून राहायचं की नाही, हे त्या चिपला कोण सांगणार?

तोवर दुपार उलटली होती. त्याच प्रोग्रॅमचं जुळं कार्ड माझ्या कपाटात होतं. त्याचा कपॅसिटर मुद्दाम रिकामा केला आणि वीज दिली. मोटर चालू करायचा हुकूम देणारा रिले टक् करून चिकटला. कोणी बटण दाबलं नव्हतं.

प्रमोद शेजारी उभा होता. म्हणाला, "म्हणजे वाडीत आता लाईट आली की..."

"फोन लाव."

बाळूचा फोन रेंजबाहेर. विहिरीत उतरला असेल तर रेंज नसणारच. पुन्हा लावला. सुमनवहिनींचा लागत होता, पण उचलत नव्हत्या. प्रमोद दुसऱ्या फोनवरून लाईट कधी येणार ते विचारत होता. कुणी म्हणे संध्याकाळी, कुणी म्हणे काम लवकर उरकलंय. मी उभीच होते. टेबलावर ते कार्ड होतं, त्याचा हिरवा दिवा लागलेला. आदल्या दिवशी मीच म्हटलं होतं, उरकून घ्या.

शेवटी वहिनींनी फोन उचलला.

"वहिनी, बाळूभाऊ कुठे आहेत? विहिरीत असतील तर आत्ता बाहेर काढा. मेन ओढा."

"इहिरीत कशाला आसंल?" त्या निवांत होत्या. "डावा कौल असताना कोन उतरतो? बसलाय की हितं शेडच्या कट्ट्यावर. भाकरी खातोय. काय झालं गो?"

मी खुर्चीत बसले. सांगायला सुरुवात केली, पॅनलमध्ये एक चूक राहिली आहे, मी येते, तोवर... आणि वहिनी मध्येच म्हणाल्या, "थांबा, लाईट आली वाटतं." फोनमधून मला एक आवाज ऐकू आला, जो मी हजार वेळा ऐकलाय. पॅनलमधला कॉन्टॅक्टर बसल्याचा, म्हणजे मोटरला वीज जोडली गेल्याचा.

"ताई," वहिनी म्हणाल्या, अगदी हळू. "मोटर चालू झाली. कुनी हात नाय लावला. मी बघतेय ना, हिरव्या बटनाला कुनी हात नाय लावला."

मागे बाळूचा आवाज आला, मग मेन खाली ओढल्याचा खटका.

त्याच दिवशी प्रमोद आणि मी नवा प्रोग्रॅम घेऊन गेलो. या वेळी डॅश एमडीसकट. कार्डाचा कपॅसिटर पूर्ण रिकामा करून, सगळ्यांसमोर, पुन्हा पुन्हा तपासलं. मोटर गप्प राहिली. सखारामकाकांनी कळ्या लावल्या, उजवा कौल मिळाला. त्यावर मी काहीच मत दिलं नाही.

आता सोडवण्याचा भाग. मी तो प्रामाणिकपणे करून पाहिला आहे.

ओल्या कळ्या सुकतील तशा पडतात. मी घरी पाट्याच्या दगडावर लावून पाहिल्या. कधी उजवी आधी, कधी डावी, काही नेम नाही. म्हणजे त्या दुपारची सगळी उत्तरं योगायोगाने बरोबर येऊ शकतात. नाणं उडवून ओळीने हवे तसेच छापे-काटे पडावेत, इतकं ते दुर्मीळ आहे. दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे. सखारामकाका हाताने काही करत असतील, हीही शंका घेतली. पण असेंबलरचे पर्याय त्यांना ठाऊक असायचं कारण नाही, आणि चूक कुठे आहे ते तर मलाच ठाऊक नव्हतं. प्रमोद म्हणतो, तुमच्या मनात कुठेतरी शंका होती, ती तुमच्या आवाजातून त्यांना कळली. असेल. पण शेवटच्या वेळी मी बोललेच नव्हते. माझी पाठ होती देवीकडे.

आणि आणखी एक. प्रोग्रॅमात चूक आहे आणि यादीतले पर्याय मात्र सगळे बरोबर आहेत, हे मला त्या वेळी निरर्थक वाटलं होतं. ते शब्दशः खरं होतं.

मी सखारामकाकांना एकदा बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "मी काय सांगू? मी कळ्या लावतो. पडायचं काम त्यांचं."

बाळू नंतर जाळी साफ करायला उतरला तेव्हा मी वर पॅनलपाशी उभी होते, मेन स्वतःच्या हाताने ओढून. तो चिखलाने माखून वर आला, नळावर हातपाय धुतले. मी विचारलं, "बाळूभाऊ, त्या दिवशी कौल उजवा आला असता तर उतरला असतात?"

"म्हंजे काय," तो म्हणाला. "सकाळीच उतरलो असतो. गाळ लय होता, लाईट येईस्तोवर आतच असतो."

"मेन न ओढता?"

त्याने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुमचं पॅनल होतं ना, ताई. मेन ओढायची काय गरज?"

मी मान हलवली. सुमनवहिनींनी चहा आणला, तो तिथेच कट्ट्यावर बसून प्यायले. कळी का पडली ते मला आजही माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर कळवावं.